उगडास

डिचोलीच्या वीज कार्यालयात, बिलाच्या खिडकीशी,
अकरा वर्षं लोक मला विचारत आले,
"बाय, न्हीद जाली ना काय गो?"
मी आठ तास झोपायचे. घोरायचेदेखील.
पण पापण्या अशा लोंबायच्या
की सुटे पैसे मोजतानाही
मी कुणाला तरी पोचवून आलेली वाटे.

म्हणून म्हापसा. सोनाराच्या दुकानावरचा दुसरा मजला.
शुक्रवार, खाली बाजार.
सही घेताना डॉक्टर शिरवईकर म्हणाले,
"पूर्ण भूल नाही, गुंगी. पाऊण तासाची.
तुम्हाला काही कळणार नाही,
कळलं तरी आठवणार नाही."
कळणं आणि आठवणं
यांच्यामध्ये एक अरुंद टेबल असतं, ते मला कुठं ठाऊक?
मी फक्त रक्कम तपासली. सवय.

सुईतून दूध आलं. पांढरंफेक.
कोपरापर्यंत जळत गेलं,
मग नार्व्याची फेरी सुटली
आणि नदीच्या मध्यावर इंजीन बंद.

ना अलीकडचा धक्का, ना दिवाडीचा.
खाली कुणी मयड्याची केळी ओरडून विकत होतं,
ते मात्र लख्ख ऐकू येत होतं.
दुखत नव्हतं. हे सांगायला हवं,
नाहीतर तुम्ही भलत्याच गोष्टीची कीव कराल.
चिमटा लागे तो शेजारच्या घरात दार लागावं तसा.
जळका वास आला, सोललेल्या कोंबडीचे खुंट
जाळावर धरताना येतो तो.
आणि तो माझा होता.

डॉक्टर चणकाचा भाव सांगत होते.
भूल देणाऱ्या बाई, इवेट मिनेझिस,
आईला शिवोलीच्या आश्रमात ठेवलंय म्हणाल्या.
"काल तिणें म्हाका वळखूंकच ना."
मला म्हणायचं होतं, वळखील गो बाय, थांब दोन दिवस.
पण जीभ दुसऱ्या कुणाचीशी,
फडताळात घडी घालून ठेवलेली.

मग कात्री थांबली.
बाजार नाही थांबला, कात्री थांबली.
"डावी मात्शी चड गेली."
खोटी नोट हाताला लागली की
खिडकीआड आम्ही बोलतो, तेवढं हळू.
कुणी उत्तर दिलं नाही.
टाका.
टाका.
चणक पुन्हा नऊशे रुपये किलो.

नर्सनं माझ्या तळव्यात बोट ठेवलं.
सेलिना. नाव मागाहून बिल्ल्यावर वाचलं.
मी दाबलं. होते नव्हते तेवढी सगळी
त्या एका बोटाभोवती गोळा होऊन दाबलं.
"मॅडम जागी आसा दिसता."
"आसूं दी. मागीर उगडास उरचो ना."
आणि फेरी सुरू झाली.

चहा, दोन बिस्किटं, आरसा.
"झकास झालंय," डॉक्टर म्हणाले
उजव्या डोळ्याकडे बघत.
सेलिना ट्रे पुसत होती. पुसून झालेला ट्रे.
मी थँक्यू म्हटलं. का, ते विचारू नका.

आता खिडकीशी लोक म्हणतात, "बाय, फ्रेश दिसता गो!"
मी पावती फाडून देते.
रात्री डावी पापणी पुरती मिटत नाही,
भाताच्या शिताएवढी फट राहते.
मलम घालते, चिकटपट्टी लावते,
पहाटे ती उशीला चिकटलेली सापडते.
भाची राहायला आली होती, ती घाबरून उठली.
"मावशी, तू झोपेत बघत होतीस."

उगडास म्हणजे आठवण, आमच्या बोलीत.
रोज तोंडात असलेला शब्द.
त्यात काहीतरी उघडं राहिलंय
हे इतकी वर्षं ऐकूच आलं नव्हतं.

फेरतपासणीचं कार्ड फ्रिजवर आहे. गेले नाही.
भांडायचं आहे असंही नाही.
केळी घ्यायला मात्र शुक्रवारी म्हापशाला जाते,
दुसऱ्या मजल्याखाली जराशी रेंगाळते.
वाटतं, वर जावं आणि इवेटबाईंना
एवढंच विचारावं,
आईनं ओळखलं का हो पुढं?